दुसऱ्या मजल्यावरच्या गप्पा

नवरा वाचला आणि आम्ही कर्जात बुडालो, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. अभिनंदन करावं की धीर द्यावा, हे त्यांचं आमच्या दाराची बेल वाजवेपर्यंत ठरलेलं नसायचं. चौथा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत तसंही कुणाला बोलवायचं नाही. मग ते पाणी प्यायचे, नवऱ्याकडे बघायचे, आणि "चेहऱ्यावर तेज आहे हं" असं काहीतरी म्हणून निघून जायचे.

हृदयाचं ऑपरेशन होतं. होती ती शिल्लक पहिल्या दोन दिवसांत संपली. नंतरचे पैसे बँकेचे, त्यांच्या कंपनीच्या पतपेढीचे आणि माझ्या धाकट्या दिराचे. बँक पत्रं पाठवते. पतपेढी पगारातून परस्पर कापून घेते. दीर काहीच करत नाही, म्हणून तो सगळ्यात अवघड. मागणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात, न मागणाऱ्याला काय सुनावणार? गेल्या वर्षी मिक्सर जळाला म्हणून नवा घेतला, तर दीर यायचा होता त्या दिवशी मी तो कपाटात साड्यांखाली ठेवला. तेव्हापासून वापरून झाला की तो तिथेच जातो. साड्यांना आलं-लसणाचा वास येतो.

दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा एक वॉर्डबॉय ह्यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणत होता. उंबऱ्याशी खुर्ची जरा आदळली. हे म्हणाले, "जपून रे बाबा, महागाचा माल आहे."

मुलगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. मीही हसले. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तो विनोद कायमचा राहायला आला.

हे जिन्यात घाईने निघाले की मुलगी म्हणायची, "हळू, वॉरंटी नाही." दुपारच्या उन्हात बाहेर पडले की, "हप्ते चालू असलेली वस्तू अशी उन्हात नेत नाहीत." ताटात काही टाकलं की मी म्हणायची, "नाकापेक्षा मोती जड झालाय, निदान पोटभर जेवा तरी." हेही मागे नव्हते. दाढी करताना आरशात बघून म्हणायचे, "एवढ्या पैशात जरा बरा चेहरा आला असता."

बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला आम्ही निर्दय वाटलो असतो. पण कर्ज फेडायला लागलेल्या घरात रडणं परवडत नाही. मी पडदे शिवते, एका मोठ्या दुकानासाठी. पडद्याच्या खालच्या काठात बारीक वजनं घालून शिवतात, म्हणजे पडदा सरळ पडतो, वाऱ्याने भलतीकडे जात नाही. डोळे सुजलेले असले की तो काठ वाकडा जातो आणि उसवून पुन्हा शिवावा लागतो. हसणं त्या मानाने स्वस्त.

हे लिफ्टचे मेकॅनिक. बिनलिफ्टच्या इमारतीत राहणारा लिफ्टवाला, हा आमच्याकडचा जुना विनोद, तो कर्जाच्या आधीचा. ऑपरेशननंतर कंपनीने त्यांचं वर-खाली करायचं काम बंद केलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. पगार कमी झाला. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोन करतात, तो आता हे घेतात. आतल्या माणसाला बोलत ठेवायचं, बाहेरून माणूस पोचेपर्यंत. "घाबरू नका, आत हवा येते. श्वास सावकाश घ्या. मी आहे फोनवर." एरवी घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण हे काम त्यांना छान जमतं म्हणे.

दुसऱ्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. संध्याकाळी दार उघडं टाकून जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालत असतात. त्यांचं त्यांच्या सख्ख्या बहिणीशी घरावरून कोर्टात भांडण चालू आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते सांगतात. आम्ही सगळे त्या मजल्यावर पावलं वाजू न देता चढतो.

तर गेल्या काही दिवसांत हे तिथे थांबायला लागले. पहिल्यांदा मला वाटलं, सापडले असतील तावडीत. पण रोजच. घरी आल्यावर जेवताना म्हणायचे, "बाईंच्या बहिणीने नवा वकील केलाय." माझ्या बहिणीला मुलं किती, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यांना नीट सांगता येत नाही.

"आई, लक्ष ठेव हं," मुलगी म्हणाली. "पोस्टातल्या बाई आहेत. शिक्का मारून मोकळ्या होतील."

"मारू देत," मी म्हटलं. "पाठवून द्या म्हणावं बँकेच्या पत्त्यावर."

हे हसले. मलाही हसू आलं, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी थोडं टोचलंही. ह्या वयात मत्सर करायचा तर त्यालाही वेळ लागतो, आणि माझ्याकडे एका हॉटेलच्या पडद्यांचं काम होतं.

मग एकदा बाईंनीच मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांसारखा माणूस नाही बघितला. किती शांतपणे ऐकून घेतात! मध्ये एक शब्द बोलत नाहीत. नुसती मान हलवतात."

"हो, ऐकायची सवय आहे त्यांना," मी म्हटलं आणि वर आले. कुलूप काढलं, दिवा लावला, कुकर चढवला. आणि शिट्टीची वाट बघत असताना माझ्या लक्षात आलं, की माणूस मान हलवतो ते बोलायचं नसतं तेव्हा, किंवा बोलता येत नसतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर निघाले आणि ह्यांच्या मागोमाग, एक मजला खाली राहून, जिना चढले. वर बघितलं. बाई वकिलाचं सांगत होत्या. ह्यांचा हात कठड्यावर होता. शर्टाच्या आत खांदे वर जात होते, खाली येत होते. बाई कुंडीकडे वळल्या की तोंड उघडून श्वास घेत, बाई परत वळल्या की तोंड मिटून मान हलवत.

मी तिथेच, पहिल्या मजल्यावर, हे घरात शिरेपर्यंत उभी राहिले. मग वर गेले आणि विचारलं, "चहा करू?"

दुसरं काही विचारलं नाही. आमच्या घरात प्रश्न महाग झाले होते. काय होतंय, असं विचारलं की उत्तर येतं. उत्तर आलं की डॉक्टर. डॉक्टर म्हणाले की तपासण्या. कर्ज संपायला सहा महिने राहिले होते, आणि डोंगराचा शेवटचा टप्पा चढणाऱ्याने खाली बघायचं नसतं, असं मी स्वतःला सांगत होते. तशी मी शहाणी बाई आहे. पण शहाणपणही कधीकधी उधारीवर आणावं लागतं.

रविवारी तिघं जेवायला बसलो होतो. मुलगी तिच्या कुरियरच्या ऑफिसातलं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता बापाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "काय बाबा, शेवटचे सहा महिने. मग तुम्ही आमचे. तोवर बँकेचे."

हे भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "तेवढं टिकतो की."

विनोदच होता. पण ह्यांनी तो विनोदाच्या सुरात म्हटला नाही. एखादा माणूस आधीच बघून ठेवलेलं सांगतो, तसं म्हटलं. आमटीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. मुलीच्या काही लक्षात आलं नाही. ती तरुण आहे, आणि तिने तरुण राहावं म्हणूनच आम्ही एवढं हसत होतो.

सोमवारी मी दुकानात पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि ह्यांच्या आधी येऊन दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले. बाईंच्या दाराला कुलूप होतं.

हे आले. मला बघून थांबले. बंद दाराकडे बघितलं.

"बाई...कुठायत?"

"कोर्टात. तारीख आहे."

मान हलवली.

"बसा," मी म्हटलं.

"वर जाऊन बसू."

"वर कधी पोचणार? बसा."

बसले. आता ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे लपवायलाही काही नव्हतं. श्वासाचा आवाज येत होता, बारीक, गळ्यात काही अडकल्यासारखा. तो कमी होईपर्यंत मी समोरच्या कुंडीतली सुकलेली पानं खुडत बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"कोर्टकचेरीची आवड."

हसले. "केस चांगली आहे पण. बाईंचीच बाजू खरी आहे."

"गोळ्या घेताय ना?"

ह्यांनी शर्टाची बाही खाली ओढली.

"मी विचारतेय काहीतरी."

"अर्ध्या."

"अर्ध्या कुणी सांगितल्या?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मध्ये रेघ असते गोळीला. मोडायलाच दिलेली असते ती."

मी आणखी एक पान खुडलं. ह्यांना वाटलं पटलं. मग म्हणाले, "महिन्याला केवढ्याच्या येतात, बघतेस ना. म्हटलं, सहा महिने काढू. कर्ज फिटलं की पुन्हा पूर्ण चालू."

"आणि नाही निघाले सहा महिने, तर?"

"तर काय. तुमचे हप्ते होते तेवढेच राहिले असते. वाढले नसते."

हिशोब बरोबर होता. मी मनात उलटसुलट करून बघितला, कुठे चूक सापडेना, आणि त्याचाच मला राग आला. एरवी वीजबिल भरायचं लक्षात राहत नाही ह्या माणसाच्या.

"ऐका," मी म्हटलं. "तुम्हाला वाटतंय ते पैसे आम्ही तुमच्यावर घातले."

"मग कुणावर घातले?"

"माझ्यावर. तुम्ही बेशुद्ध होता, तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. सही मी केली. मला तुम्ही हवे होता. माझी हौस होती ती. लोक घर बांधायला कर्ज काढतात, बाहेरगावी फिरायला काढतात. मी ह्याला काढलं. माझ्या हौसेचं कर्ज मी फेडतेय, त्यात तुम्ही परस्पर काटकसर करायची नाही."

खाली कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं.

"मोठी हौस केलीस," म्हणाले.

"मोठीच केली. अजून बसा, घाई नाही."

वर गेल्यावर मी दिराला फोन लावला. लावायच्या आधी दोनदा पाणी प्यायले. म्हटलं, "भावजी, या महिन्याचे पैसे नाही येणार. पुढच्याही नाही कदाचित. ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाला, "वहिनी, बरं झालं फोन केलात. मीच किती दिवस करणार होतो."

"मग करायचा ना."

"कसा करणार? पगाराच्या आसपास केला तर तुम्हाला वाटेल पैशांसाठी केला. महिन्याच्या मध्यावर केला तर वाटेल पुढच्याची आठवण करून देतोय. शेवटी शेवटी तर तुमचीच ओढाताण, तेव्हा नकोच म्हणायचो. असं करत महिना संपतो. दादाचा आवाज ऐकून किती दिवस झाले मला."

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि आत गेले. मिक्सर साड्यांखालून काढला, पुसून ओट्यावर ठेवला. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता. मध्ये थांबत, श्वास घेत, पण बोलत होते. लहानपणी दोघं कुठल्यातरी विहिरीत पोहायला जायचे, त्याचं चाललं होतं.

डॉक्टरांकडे गर्दी होती. हे भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत बसले होते. मुलगीही रजा टाकून आली होती. मी तिला सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी तिने एकही विनोद केला नाही. तिला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून ती सारखी बापाची कॉलर नीट करत होती.

नंबर आला. डॉक्टरांनी छाती तपासली, पाय दाबून बघितले, मग विचारलं, "गोळ्या रोजच्या रोज घेताय ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत होते. तिथला पडदा एका बाजूने उसवला होता.

"नाही," हे म्हणाले. "अर्ध्या घेत होतो."

डॉक्टर ओरडले नाहीत. कागद पुढे ओढून तपासण्या लिहायला लागले. एक, दोन, तिसरीही.

"किती होतील ह्याचे?" ह्यांनी विचारलं.

"ते मला विचारायचं," मी म्हटलं. "तुम्ही डॉक्टरांना श्वासाचं सांगा."

मग हे सांगायला लागले, एखाद्या लिफ्टची तक्रार सांगावी तसं. चढताना होतं, उतरताना नाही. हातात पिशवी असली की जास्त. आधी आवाज येतो, मग अडकतं. झोपल्यावर पाण्यात बुडाल्यासारखं होतं, म्हणून रात्री भिंतीला टेकून बसतो. हिला दिवसभराचं शिवणकाम असतं, तिची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही.

हे मला माहीत नव्हतं. मी शेजारीच झोपते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पुढच्या नंबरचा माणूस दार किलकिलं करून बघत होता. मुलीने उठून ते हळूच लावून घेतलं. हे सांगत होते, आणि इतकं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.