पुतळीच्या नावाचं रक्त

बँड वाजला की पुतळीचे पाय थांबायचेच नाहीत. लग्नातली घोडी ती, पांढरीशुभ्र, ढोल-ताशावर वाढलेली. आणि डहाणूत तेव्हा लग्नं तरी किती! एक वरात बाजाराकडे वळते न वळते तोच दुसरी स्टेशनकडून येतेय. आणि ही बिचारी तबेल्यात बंद. बाहेर ट्रंपेट सुरू झालं की आत हिच्या टापा सुरू, टक टक, टक टक, मान खाली-वर, दोर ताणला जाईपर्यंत. आणि तिचा घोडीवाला सुरज काय करायचा माहितीये? तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहायचा. घोडीचे कान ते, झाकतात थोडेच? पण उभा.

दाराला लाल-पांढरी पट्टी बांधली होती सरकारी लोकांनी. पुतळीच्या नावाने जे रक्त तपासलं गेलं ना, त्यात ग्लँडर्स निघाला होता. घोड्यांचा रोग. नाकातून घाण येते, अंगावर गाठी फुटतात, आणि वाईट म्हणजे माणसालाही लागतो. माणसाला झाला तर औषध तरी करतात. घोड्याला औषधच करू देत नाहीत. नक्की ठरलं की इंजेक्शन, खोल खड्डा, वर चुना. एवढंच की पहिली टेस्ट संशयाची असते. दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं, ते मोठ्या सरकारी लॅबला जाणार, तिकडून येईल ते खरं. तोपर्यंत घोडी बाहेर काढायची नाही. आणि सुरज? त्याला कुणी बांधलं नव्हतं, पण जाणार कुठे? चहावाला कप हातात द्यायचा नाही, कट्ट्यावर ठेवून मागे सरायचा. आणि नाक्यावरची पोरं, "काय रे, घोडीला करोना झाला का?"

अशात एक दिवस जतीन आला. सुरजचा शाळेपासूनचा दोस्त, उंबरगावला एका कंपनीत कामाला. कंपनी जनावरांच्या रोगांच्या टेस्ट बनवते. बॅगेतून हातमोजे काढले, मास्क काढला, आणि एक छोटीशी पट्टी.

"नवीन माल आहे. पाच मिनिटांत निकाल. फक्त कुणाला बोलू नको, मंजुरी यायचीय अजून. फाईल गेलीय दिल्लीला."

"दिल्लीला गेलेली फाईल माझ्या काय कामाची?"

"तुला जीवाला शांती पाहिजे की नाही? मग घोडी धर."

मानेतून थोडं रक्त काढलं, पट्टीवर टाकलं, आणि दोघे त्या पट्टीवर असे वाकले, असे वाकले, की डोकी आपटली. एक रेघ आली. दुसरी येते का, येते का... नाही आली!

"एक रेघ म्हणजे काय रे?"

"एक रेघ म्हणजे काही नाही भावा! घोडी साफ आहे तुझी!"

सुरजने पुतळीच्या गळ्याला मिठीच मारली. हसतोय काय, रडतोय काय, जतीनला मोज्यांसकट ओढून नाचवतोय काय. जतीन पण नाचला थोडा, आणि मग मध्येच थांबला.

"पण मग सरकारी टेस्टमध्ये कसं आलं? त्या दिवशी रक्त द्यायला हीच होती ना?"

सुरजचं हसू गेलं. कारण त्या दिवशी ही नव्हतीच.

आता हे धंद्यातलं गुपित, पण सगळ्यांना माहीत असलेलं. लग्नवाले पुतळी बुक करतात, पुतळी दुसरीकडे गेलेली असते, मग दुसरी पांढरी घोडी आणायची, तिच्यावर पुतळीची झूल टाकायची, डोक्याला पुतळीचा तुरा बांधायचा. नवरदेवाला काय कळतंय? तो फोटोत स्वतःला बघतो. तर ज्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात घोड्यांचं रक्त घ्यायला बोलावलं, त्या दिवशी सुरज आणि पुतळी तलासरीला लग्नात. त्याच्या रामनाथकाकांनी फोनवर सांगितलं, "तू नको धावत येऊ. मी शेवंतीला नेतो पुतळी म्हणून. पांढरी ती पांढरी!"

शेवंती म्हणजे काकांची म्हातारी घोडी. वरातीतून निवृत्त. नरपडला चिकूच्या वाडीत झाडांमागे उभी असते, सरकारी यादीत तिचं नावच नाही. आजूबाजूच्या घोड्यांचं रक्त घ्यायला माणसं फिरली तेव्हाही काकांनी वाडीचं फाटक उघडलं नव्हतं.

दोघे तसेच बाइकवर बसले आणि नरपडला गेले. वाडीत काय दिसावं? गोदूबाई, म्हणजे सुरजची काकी, शेवंतीचं नाक स्वतःच्या पदराने पुसतेय. आणि मध्येच थांबून खोकतेय. असं खोकतेय की घोडी मान वळवून तिच्याकडे बघते. काकीचा ताप किती दिवस उतरत नव्हता, हाताला झालेली जखम भरत नव्हती, आणि डॉक्टर खोकल्याचं औषध नुसतं बदलून बदलून देत होता. सुरजला हे सगळं माहीत होतं हो. पण त्या क्षणी त्याला ते पहिल्यांदा दिसलं.

"काकी, बाजूला हो. हात लावू नको तिला."

"का? मी नाही पुसलं तर कोण पुसेल, तुझा काका?"

शेवंतीच्या रक्ताची पट्टी जतीनने ओट्यावर ठेवली. एक रेघ. आणि लगेच दुसरी, जाड, लालभडक. थांबायचं कामच नाही.

रामनाथकाका झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "ही पट्टी सरकारने पास केलीय?"

"अजून नाही, काका."

"मग? उद्या मी चिकूच्या पानावर दोन रेघा मारीन आणि सांगीन, जतीनला कावीळ झाली! सरकार हिला मानत नाही, आणि मी हिच्या सांगण्यावरून माझी घोडी मारू?"

"काका, पण काकी..."

"काकीला खोकला आहे. खोकला लोकांना होतो." मग काका उठले, सुरजच्या जवळ आले, आवाज खाली. "ऐक पोरा. त्या डॉक्टरीण बाई पुतळीचं रक्त परत नेतील. ते चांगलंच निघणार. पुतळी सुटली, शेवंती कुणाला माहीतच नाही. दोघी वाचल्या. तू फक्त गप्प बसायचंस. का गप्प बसायला पण मंजुरी पाहिजे तुला?"

सुरजने शेवंतीकडे बघितलं. आई-बाप गेल्यावर याच माणसाने त्याला उचलून याच शेवंतीच्या पाठीवर बसवलं होतं. लगाम कसा धरायचा ते हिच्यावरच शिकला तो.

तरी तो दुसऱ्या दिवशी काकीच्या डॉक्टरकडे गेला. म्हटलं, घोडीचं नाव न काढताच काम होतंय का बघू. डॉक्टरने पट्टीचा फोटो बघितला आणि चष्म्यावरून सुरजकडे बघितलं. "मंजूर नसलेल्या पट्टीवर घोड्याचं रक्त, आणि त्यावरून मी बाईला औषध लिहू? कुठल्या घोड्याला झालाय त्याचा सरकारी रिपोर्ट आण, लगेच पुढे पाठवतो."

आता बघा हं कसा अडकला तो. रिपोर्ट पाहिजे तर शेवंतीचं नाव सांगायला पाहिजे. नाव सांगितलं की शेवंती गेली. नाही सांगितलं तर काकी. आणि खरं काय ते त्याला माहीत आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, पण ते खरं कुठेच चालत नाही!

मग मयुरा मॅडम आल्या, जनावरांच्या सरकारी डॉक्टर, अंगभर पांढरा सूट घालून, पुतळीचं दुसरं रक्त न्यायला. सुरजने घोडीचं तोंड धरलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, ती नवीन पट्टी येतेय म्हणतात, पाच मिनिटांवाली. खरी असते का ती?"

"असेलही खरी. उद्या मंजूर होईलही. पण आज ती माझ्यासाठी नुसती पट्टी आहे." मॅडमनी सुई काढली. "तू कशाला घाबरतोस? हिच्यात मला एकही खूण दिसत नाहीये. रक्त चांगलं आलं तर समजायचं पहिली टेस्ट चुकली. दाराची पट्टी काढू, फाईल बंद."

फाईल बंद. म्हणजे परत कुणी शोधणारच नाही.

आणि नेमका तेव्हाच बाहेर बँड सुरू झाला! पुतळी थरथरली, एक पाय, दुसरा पाय, मॅडम ओरडल्या, "धर तिला, सुई आहे हातात!" सुरजने दोन्ही हात तिच्या कानांवर दाबले, कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं, आणि तसाच, वर न बघता बोलला.

"मॅडम, त्या दिवशीचं रक्त हिचं नव्हतं."

बँड पुढे सरकला. मॅडमनी सुई बाजूला ठेवली.

"तुला कळतंय का काय सांगतोयस?" त्या म्हणाल्या. "कुणाचं होतं?"

आणि त्याला ते नाव घ्यावं लागलं. नाव घेतल्यावर नरपडचा पत्ता. पत्त्यानंतर काकीचा खोकला, हाताची जखम, सगळं.

मॅडमची गाडी वाडीत शिरली तेव्हा काका ओरडले नाहीत, काही नाही. सुरजकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमसोबतचा माणूस शेवंतीकडे निघाला तेव्हा मात्र मध्ये आले. "परक्याचा हात नको. मी धरतो." मॅडमनी त्यांना हातमोजे घालायला लावले, मास्क लावायला लावला, आणि काकांनी ते लहान पोरासारखं निमूट घातलं.

मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला. जतीनच्या पट्टीने पाच मिनिटांत सांगितलं होतं तेच, फक्त आता ते खरं होतं. शेवंतीचा खड्डा वाडीतच खणला, झाडांपासून लांब. काकीला तोवर मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. काय शोधायचं ते डॉक्टरांना कळलं, औषध लागू पडलं, ताप उतरला. ती फोन करते सुरजला, "जेवलास का?" विचारते. मागे झोपाळ्याची करकर ऐकू येते. काका फोनवर येत नाहीत.

पुतळीचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, साफच निघालं. दाराची पट्टी कापली. आणि पहिलं बुकिंग कुठलं यावं? नरपडचं! वरात काकांच्या फाटकासमोरून जाणारी.

त्या संध्याकाळी सुरजने पुतळीला खरारा केला, झूल टाकली, तुरा बांधला. दार सताड उघडं. बँडवाले नाक्यावर येऊन थांबले, नवरदेवाचा भाऊ हाका मारतोय, "ओ घोडीवाले, चला की, मुहूर्त टळेल!" ट्रंपेट वाजलं. पुतळीच्या टापा सुरू झाल्या, टक टक, टक टक.

आणि सुरज तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवून आत उभा.