रक्कम शून्य

सगळ्यांना फुकट वापरता येणारे प्रोग्रॅम जे लोक पदरमोड करून सांभाळतात, त्यांना आमची संस्था पैसे देते. आधी कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी मी अर्ज वाचते. किती जण वापरतात, बंद पडलं तर काय अडेल, तुमच्यानंतर कोण सांभाळेल, असे रकाने असतात. लोक त्यात अशा थापा मारतात की विचारू नका.

हा अर्ज मात्र संगणकानेच बाद केला होता, कारण रकमेच्या रकान्यात शून्य होतं. काहीच मागायचं नाही, तर अर्ज कशाला केला? मला काही चैन पडेना.

अर्जदार निवृत्त ग्रंथपाल होते. नावं अकारविल्हे लावणारा त्यांचा छोटासा प्रोग्रॅम दवाखान्यांपासून शाळांपर्यंत कुठे कुठे जाऊन बसला होता. 'तुमच्यानंतर कोण' यापुढे लिहिलं होतं, 'कोणी नाही'.

मी फोन लावला. त्यांच्या धाकट्या बहिणीने उचलला. शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला, ती कपडे शिवते. अर्ज तिनेच टाइप केला होता, दादा सांगेल तसा. त्याची नजर जात चालली होती. वर्षभरात काही दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग ग्रंथपाल स्वतः बोलले. "पैसे नकोत मला. कोड वाचणारं माणूस हवंय. तसा रकाना तुमच्याकडे नव्हता."

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे चाळणी म्हणतो. ते म्हणाले, आपण पैसे वाटतो, माणसं नाही. उद्यापर्यंत रक्कम आणि पुढे सांभाळणाऱ्याचं नाव आलं तर घेऊ, नाहीतर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी ग्रंथपालांना दिसणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असा राग आला मला!

पुन्हा फोन केला. सध्या कोड वाचून कोण दाखवतं, असं बहिणीला सहज विचारलं.

"मीच की. तीन महिने झाले, रोज दुपारी दोन तास." आधी ती नुसते कंस आणि ठिपके वाचायची. मग हे कशाला, ते कशाला, असं विचारत गेली. गेल्या आठवड्यात एक कंस उघडा राहिलेला तिनेच पकडला होता. "सुटलेला टाका दिसतो हो मला," ती म्हणाली.

"मग 'कोणी नाही' असं कोणी लिहिलं?"

"दादाने सांगितलं, मी लिहिलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मलाच वाईट वाटलं. फोन स्पीकरवर ठेवायला सांगून मी 'तुमच्यानंतर कोण' हा रकान्यातला प्रश्न ग्रंथपालांना विचारला.

"खोड ते," ते म्हणाले.

"काय लिहू?" बहिणीने विचारलं.

"तुझं नाव लिही."

कीबोर्डचा आवाज आला, एकेका अक्षराचा, सावकाश. मग ग्रंथपालांनी विचारलं, रक्कम शून्यच ठेवायची ना?

"ती माझी मी घालते," बहीण म्हणाली.