वसुलीची वरात

ढोलावर पहिली थाप पडली आणि गुरम्माअक्का पदराला हात पुसत दारात आली. शेवयांचं पीठ कोपरापर्यंत लागलेलं होतं. अंगणात लाल कोट घातलेली बँडची माणसं बघून तिला हसूच आलं.

"कुणाचं लगीन हाय रे नासिर?"

नासिरने क्लॅरिनेट तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर सांगावं लागलं असतं. सांगायचं काम उमाशंकरचं होतं. पालिकेचा हा वसुली लिपिक भोंगा तोंडाला लावून साऱ्या गल्लीला ऐकवू लागला, की या घराची घरपट्टी थकली आहे, मालकिणीने ती ताबडतोब भरावी, नाहीतर नळ तोडण्यात येईल.

शेजारपाजारची दारं उघडली. अक्काचं हसू हळूहळू विझलं. भोंग्याकडे न बघता तिने नासिरलाच विचारलं, "माझ्या पुनमच्या लग्नात तूच वाजवला व्हतास न्हं?"

"हाव, अक्का," क्लॅरिनेट खाली घेत तो म्हणाला.

"मंग आज असं कसं वाजवून राहिलास, बाबा?"

नासिरने क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावलं. अक्का शेजारच्या हणमंतरावांच्या घरात गेली, पदरात काहीतरी बांधून आली आणि तो पदर तिने उमाशंकरसमोर सोडला. घरपट्टी तिला समजली, पण शास्ती म्हणजे काय ते समजेना. उमाशंकर म्हणाला, "उशिराचा दंड असतो, अक्का. कायदा सगळ्याला सारखा हाय." पावती फाटली आणि ढोल थांबला.

नासिरच्या अब्बांचा रोशन ब्रास बँड एकेकाळी नांदेडपासून लातूरपर्यंत नावाजलेला होता. आधी रोशन बँडची तारीख घ्यायची, मग भटजी नाहीतर काझी गाठायचा, असं लोक म्हणत. पुढे डीजे आला. ट्रकभर स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या आणि क्लॅरिनेट ऐकायला कुणाला कान उरला नाही. आता मार्च महिना हाच बँडचा खरा हंगाम. थकबाकीदाराच्या दारात वाजवायचं आणि लाजेने त्याला पैसे काढायला लावायचं, ही पालिकेतल्या कुणा हुशार डोक्याची कल्पना. नासिरला ती आवडत नव्हती. पण आवडीनिवडी भरल्या पोटाच्या असतात.

या गावात पहिला डीजे आणला तो रेवणसिद्धने. पहिलं वातानुकूलित मंगल कार्यालयही त्याचंच, गावाबाहेर लातूर रस्त्याला. लोक त्याला आप्पा म्हणत. नासिर मनातल्या मनात रेवण्याच म्हणत असे, कारण दोघं एकाच गल्लीत वाढलेले. अब्बांच्या बँडपुढे लहानगा नासिर कोट घालून झांज वाजवत चालायचा आणि रेवण्या डोक्यावर गॅसबत्ती घेऊन. बत्तीच्या झळीने त्याचं कपाळ भाजायचं. सगळे जेवून उठले की त्याला जेवायला मिळायचं.

ही गोष्ट नासिरने कुणालाही सांगितली नव्हती. पानाच्या डब्यात एखादी लवंग जपून ठेवावी तशी ती त्याने जपून ठेवली होती. रेवण्याची नवी गाडी समोरून गेली की तो ती लवंग जिभेखाली धरी. त्याला रेवण्याची गाडी हवी होती, त्याचा मळाही हवा होता, एवढंच काय, रेवण्या आला की पानटपरीवरचे लोक बाकावरून उठत, ते उठणंसुद्धा हवं होतं. जळण्याला काही लाज नसते. नासिरच्या पत्र्याच्या घराची पट्टी दर एप्रिलला, पालिकेची भरण्याची खिडकी उघडते त्याच दिवशी भरलेली असायची. आणि रेवण्याच्या कार्यालयाने कित्येक वर्षांत पालिकेला छदाम दिलेला नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्यामुळे अक्काच्या गल्लीतून निघताना उमाशंकर जे बोलला, त्याने नासिरच्या पायांत बळ आलं.

"उद्या आप्पाचं मंगल कार्यालय. यंदा मोठ्याला बी सोडायचं न्हाई म्हणून राहिले साहेब."

घरी येऊन नासिरने कोट काढला आणि बायकोसमोर, फरीदापुढे ठेवला. "कडक इस्त्री पायजे."

"ईदेला बी एवढी इस्त्री मागत न्हाई तुमी."

"उद्या रेवण्याच्या दारात वाजवायचंय."

फरीदाने इस्त्री तापत ठेवली. कोट पसरत म्हणाली, "तुमाला घरपट्टीचं काई पडलेलं न्हाई जी. तुमाला त्याचं तोंड उतरलेलं बघायचंय."

"मंग त्यात काय चुकलं? अक्कानं भरायची, मी भरायची, अन् त्यानं?"

"त्यानं भरली असती, तर तुमी जळला नसता का?"

तिचं खरं होतं, हे नासिरलाही कळत होतं. पण खरं असलं तरी उद्याचा दिवस तो कुणाला देणार नव्हता.

वसुलीच्या वाजवण्याला चाल नसते. ढोल एकसारखा बडवायचा, क्लॅरिनेटने वर किंचाळायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला नको नको होतं. कार्यालयाच्या कमानीखाली उभं राहून नासिरने सगळ्यांना बजावलं, "आज जीव तोडून. छातीत धडधडलं पायजे त्याच्या."

आत लग्न होतं. नेमकी लग्नाची तिथी निवडल्याबद्दल नासिर उमाशंकरवर खूश होता. जितकी माणसं जास्त, तितकी बेअब्रू मोठी. त्याने डोळे मिटले आणि फुंक मारली. पहिल्याच सुराला आतली माणसं दारात गोळा झाली. नासिरच्या काळजात गुदगुल्या झाल्या.

आणि तिथंच घात झाला. निलंग्याहून आलेला नवरदेव फेटा सावरत, करवल्यांच्या घोळक्यात कमानीबाहेर आला. ढोलवाल्या विरूपाक्षची सारी हयात वरातीत गेलेली. नवरदेव दिसला की त्याचा हात वरातीच्या ठेक्यात पडायचा, त्याला विचारावं लागायचं नाही. आजही तो पडला. झांजा त्याच्यामागे गेल्या.

"विरूपाक्ष, हात आवर," नासिर ओरडला. पण ठेका सुटला होता आणि पाहुणे नाचू लागले होते. कुणी म्हातारा म्हणाला, "व्वा! डीजेच्या काळात बँड ठिवला आप्पानं. याला म्हणतात दानत." उमाशंकरने भोंगा तोंडाला लावला. थकबाकी हा शब्द कुणालाही ऐकू गेला नाही. कुणीतरी त्यालाही हाताला धरून नाचात ओढलं.

गर्दी दुभंगली आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत रेवणसिद्ध बाहेर आला. भोंगा, लाल कोट, नासिर, सगळं त्याने एका नजरेत ओळखलं. त्याचं तोंड उतरलं नाही. तो हसत उमाशंकरच्या खांद्यावर हात ठेवून हळूच बोलला, पण नासिर दोन हातांवरच होता.

"साहेब, पुढल्या महिन्यात अभय योजना निघून राहिली. सगळी शास्ती माफ. आत्ता भरंल तो येडा. तुमच्या मोठ्या साहेबाला म्या सांगितलंय. जेवून जावा."

उमाशंकरने भोंगा काखेत मारला आणि जेवणाच्या मांडवाकडे निघाला. दर एप्रिलला रांगेत पहिला उभा राहणारा येडा तिथंच उभा होता. भ्यायचं गुरम्माअक्काने आणि अभय मिळायचं रेवण्याला. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

मग रेवणसिद्धने नासिरला मिठी मारली आणि पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "हा माझा लहानपणीचा दोस्त. याच्या अब्बाच्या बँडपुढं म्या डोक्यावर बत्ती धरून चालायचो. सगळ्यांच्या मागून जेवायचो. तिथून इथवर आलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने तर डोळे पुसले. इतकी वर्षं जपलेली ती लवंग रेवण्याने सहज उचलली आणि सगळ्या मांडवात वाटून टाकली. नासिरकडे आता काहीच उरलं नाही.

"अब्बाची ती लेकीच्या पाठवणीची चाल वाजव, नासिर. लई वर्षं झाली ऐकून."

नाही म्हणायचं नासिरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अब्बांचं नाव निघालं होतं, आणि सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. त्याने चाल वाजवली, आणि अशी वाजवली की मांडवातला गलका आपोआप निवला. रेवणसिद्ध खुर्चीत बसून खरोखर रडला. नासिरला त्याच्या त्या रडण्याचाही हेवा वाटला. त्याला स्वतःला अब्बांसाठी असं चारचौघांत बसून रडायला कधी फुरसत मिळाली नव्हती.

त्या दिवशी तो उपाशीच घरी गेला. फरीदाने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी वसुली पथक पुन्हा अक्काच्या गल्लीत आलं. आज हणमंतरावांच्या दारात. अक्काला परवा ज्यांनी पैसे उसने दिले होते, तेच हे घर. म्हातारे हणमंतराव बनियनवरच दारात आले आणि लाल कोट बघून चौकटीला धरून उभे राहिले.

"वाजवा," उमाशंकर म्हणाला.

नासिरने क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती सोडवली, शर्टाला पुसली आणि वरच्या खिशात ठेवली. पत्तीशिवाय क्लॅरिनेट म्हणजे नुसतं लाकूड.

"पत्ती का काढून राहिले? लावा की."

"लावतो. आधी अभय निघू द्या."

"ते मोठ्या थकबाकीवाल्यांसाठी हाय, तुमच्यासाठी न्हाई, नासिरभाई. अन् ह्या घरासाठी तर न्हाईच न्हाई. पुढल्या मार्चला दुसरा बँड बघावा लागंल मला."

"बघा."

विरूपाक्षने एकदा नासिरकडे पाहिलं आणि ढोलाचा पट्टा खांद्यावरून उतरवला. उमाशंकर एकटाच भोंग्यातून बोलत राहिला. रेवण्याची आठवण नासिरच्या पोटात अजून तशीच पेटलेली होती. ती विझेल असं त्याला वाटतही नव्हतं. त्याने कडक इस्त्रीच्या कोटाची गुंडी लावली आणि क्लॅरिनेट पेटीत ठेवून ती बंद केली.

पिठाचे हात घेऊन अक्का शेजारच्या दारात आली. "आज कुणाचं लगीन हाय रे नासिर?"

"आज कुणाचंच न्हाई, अक्का," तो म्हणाला, आणि पेटी काखेत घेऊन गल्लीतून चालू लागला.