फ्राउ आयझेलेंच्या भिंतीवरची नवरी

मला बरोबर न्यायचं की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस खल चालला होता. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनच्या आमच्या घरमालकाला त्याचा फ्लॅट स्वतःच्या मुलासाठी परत हवा होता आणि दुसरी जागा काही मिळत नव्हती. माझा मुलगा श्रीनाथ गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, पगार चांगला, माणूस गरीब गायीसारखा. तरी जाईल तिथे त्याच्या आधी पन्नास जण रांगेत. शेवटी स्टुटगार्टच्या एका चढावरच्या घराच्या मालकीणबाईंनी, फ्राउ आयझेलेंनी, आम्हाला कॉफीला बोलावलं. राहणारी सगळी माणसं बघायची आहेत म्हणाल्या. म्हणजे मीही आलेच.

"आई, तुम्ही फक्त हसायचं," जिना चढताना सूनबाई मीनल म्हणाली. "गुटेन टाग म्हणायचं आणि बसायचं."

"आणि काही विचारलं तर?"

"तर आणखी हसायचं."

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण घरादाराला अक्कल वाटायचं खातं लग्नापासून माझ्याकडेच आहे. हे पुण्यालाच राहिले. त्यांना म्हणे इथली थंडी सोसत नाही. मला विचाराल तर त्यांना मी सोसत नाही. अशा बाईला गप्प बसायला सांगणं म्हणजे उकळत्या दुधाला वर येऊ नको म्हणण्यासारखंच.

तरी मी बसले. हसले. ऐंशीच्या पुढच्या फ्राउ आयझेले, पाठ सुरूच्या झाडासारखी ताठ. त्यांनी श्रीनाथला पगार विचारला. दुपारच्या वेळी भिंतीत खिळे ठोकणार नाही ना, ते विचारलं. जिना झाडायची पाळी असते, तिला हे लोक केअरवोखे म्हणतात, ती चुकवणार नाही ना, हेही विचारलं. श्रीनाथ प्रत्येक वेळी "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, करत मान हलवत होता. मी तोवर भिंत बघत होते.

भिंतीवर एक मोठं चित्र. काळंशार, अगदी गप्प पाणी. मधोमध उंच खडकांचं बेट, खडकात कोरलेली दारं, आत सुरूची उंच काळी झाडं. बेटाकडे एक होडी चालली होती. मागे वल्हवणारा, आणि पुढे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात झाकलेलं कुणीतरी, आपल्याकडे पाठ करून उभं. त्याच्यापुढे एक लांबट पेटी, वरून फुलांच्या माळा सोडलेली.

आता गावी असते तर पांढरं बघून मी वेगळाच अर्थ काढला असता. पण मला जर्मनीत येऊन दोन वर्षं झाली होती. शनिवारी राटहाउसबाहेर, म्हणजे इथल्या नगरपालिकेबाहेर, पांढऱ्या झग्यातल्या नवऱ्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. एवढं जर्मन ज्ञान गाठीला असल्यावर माणूस चुकतो कसा? ही नवरी. पेटीत तिचं रुखवत. आणि ते बेट म्हणजे सासर. त्याचा तो तोंड पाडलेला चेहरामोहरा बघूनच कळत होतं.

"आजी," माझी नात ईप्सिता म्हणाली, "ती विचारते, तू काय बघतेस."

मीनलने माझ्याकडे बघून दातांवर दात ठेवून हसून दाखवलं. मला हसायची आठवण देत होती. मी म्हटलं, आता बाईंनीच विचारलंय, उत्तर न देणं बरं दिसत नाही.

मग मी सुरू केलं. मी कोकणातली, खाडीच्या अलीकडची. सासर पलीकडे. मीसुद्धा लग्नानंतर अशीच होडीतून गेले, पुढ्यात अशीच पेटी. सनई काय, पाठवणीला लोटलेला गाव काय, बायकांची गाणी काय! ईप्सिता धापा टाकत जर्मनमध्ये सांगत होती. फ्राउ आयझेलेंचा कप हवेतच राहिला. मला वाटलं, बाई रंगल्या. मला श्रोता मिळाला की मी थांबत नाही, हे ह्यांना विचारा.

मी उठले. पिशवीत ओटी होती, नारळ, तांदूळ, खण. खरं तर मालकीणबाईंसाठी आणली होती, मीनलला न सांगता. पण नवरी निघालीय आणि तिची ओटी मोकळी, हे मला बघवेना. मी ओटी चित्राखालच्या कपाटावर ठेवली आणि काचेवर, त्या पांढऱ्या डोक्याच्या जागी, कुंकवाचं बोट टेकवलं.

"सांग त्यांना," मी ईप्सिताला म्हटलं, "या घरातल्या प्रत्येकाला अशीच होडी न्यायला येवो."

"आजी, नाइन."

"नाइन काय? नाही कसं म्हणतेस, आशीर्वाद आहे. बोल!"

पोरगी इथे वाढलेली, जे सांगितलं ते शब्दाला शब्द करणारी. तिने सांगितलं. फ्राउ आयझेलेंनी कप खाली ठेवला. "आल्झो," म्हणजे बरं तर, म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. आम्ही निघालो.

उतारावरच्या पायऱ्यांवर मीनलचा धीर सुटला. "आई, ती शवपेटी होती हो!"

"कुठली?"

"चित्रातली! त्या चित्राचं नाव मृतांचं बेट. ते प्रेत पोचवायला चाललेत!"

मी कठड्याला धरलं. म्हणजे मी शवपेटीची ओटी भरली होती. मयताबरोबरच्या माणसाला कुंकू लावलं होतं. आणि ऐंशी उलटलेल्या बाईंना, त्यांच्याच घरात, त्यांचीच कॉफी पिऊन, लवकर तिरडी येवो म्हणून आशीर्वाद दिला होता.

"तरी," मी म्हटलं, "पेटी फार सुंदर सजवली होती."

कुणी हसलं नाही. श्रीनाथ एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, खिडकीबाहेर बघत बसला. तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते आणि बरं वाटलं असतं. पुढचे काही दिवस मी घरात इतकी गप्प होते की मीनल थर्मामीटर घेऊन आली.

मग फोन आला. श्रीनाथ ऐकत होता आणि मान हलवत होता. फोन ठेवून म्हणाला, "त्या म्हणतात, राहता फ्लॅट सोडून तो द्यायचा की नाही हेच अजून ठरत नाही. मुलीने त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात खोली घेऊन ठेवलीय. त्यांचं मन होत नाहीये. तुला परत बोलावलंय."

"मला? कशाला?"

"ते त्या तुलाच सांगणार आहेत. आई, हात जोडतो, या वेळी आशीर्वाद नको."

गेले. मी आणि ईप्सिता दोघीच. पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. कुंकू तसंच होतं! या लोकांच्या घरात धुळीचा कण टिकत नाही, आणि माझं बोट टिकलं होतं. कोपऱ्यात सामान भरायला आणलेली पुठ्ठ्याची खोकी घडी न मोडता उभी होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. मला ते काम जमत नाही, सवय नाही. फ्राउ आयझेलेंनी हातानेच थांबवलं आणि चित्राची गोष्ट सांगितली. सव्वाशे वर्षांहून जुनी. चित्रकार असं बेट रंगवत होता. तिथे एक तरुण विधवा आली. म्हणाली, मला समोर बसून स्वप्न बघता येईल असं चित्र दे. तिच्यासाठी त्याने होडीत ती पांढरी बाई आणि पेटी घातली. मृतांचं बेट हे नाव त्याने दिलंच नव्हतं, ते नंतर चित्रं विकणाऱ्याने दिलं. पुढे त्याच्या छापील प्रती घरोघर लागल्या. ही फ्राउ आयझेलेंच्या सासूबाईंची.

"ती म्हणते," ईप्सिता म्हणाली, "नवरा गेल्यापासून ती यात फक्त पेटी बघते. आणि वृद्धाश्रमाचं नाव काढलं की ते बेट. तू गेल्यापासून तिला नवरी दिसते. पण तिला एक खरं सांग. होडीत तुला कसं वाटलं होतं?"

सनई माझ्या जिभेवर तयार होती. पण बाई खोक्यांकडे बघत होत्या.

"तिला सांग, सनई-बिनई काही नव्हतं," मी म्हटलं. "बाप आणि मामा, एवढीच माणसं. मी अख्खी खाडी ओकत गेले. नव्या शालूवर. तांडेलाला म्हटलं, होडी फिरव, मला घरी जायचंय. तो म्हणाला, ओहोटी लागलीय, आता फिरत नाही."

ईप्सिताने डोळे मोठे केले, पण सांगितलं. फ्राउ आयझेले पुढे सरकल्या. "उंड दान?" मग काय झालं?

"मग काय. पलीकडे सासू उभी. तिने आधी तोंड धुवायला पाणी दिलं, मग पेज. पेज अळणी होती. वर्षभरात त्या घरातलं मीठ मी ठरवायला लागले."

बाई हसल्या. आधी नाकातून, मग सबंध. म्हणाल्या, वृद्धाश्रमातली कॉफी भयंकर आहे.

"मग तुम्हाला तिथे काम आहे," मी म्हटलं.

फ्लॅट मिळाला. अटी दोनच. चित्र इथेच राहील, नाहीतर वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या घाबरतील, आणि कुंकू पुसायचं नाही. मीनल आता मृतांच्या बेटाखाली बसून वरणभात जेवते आणि दर घासाला माझ्याकडे बघते. मी मान वर करत नाही.

फ्राउ आयझेले निघाल्या त्या दिवशी सामानाचा ट्रक पुढे आणि मागे त्या, आपल्या मुलीच्या गाडीत. मी गाडीच्या खिडकीतून त्यांची ओटी भरली. विधवेची ओटी म्हटल्यावर आमच्याकडे चार बायकांनी नाकं मुरडली असती, आणि त्या चौघींत माझं नाक सगळ्यात पुढे असतं. बाईंनी नारळ मांडीवर घट्ट धरला. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटल्या.

"काय गं?" मी ईप्सिताला विचारलं.

"ती म्हणते, तिला ओकारी येतेय."

"सांग तिला," मी म्हटलं, "अगदी बरोबर चाललंय."