अग्लायाची थंडी

अग्लाया गेली तेव्हा घरात बरोबर वीस अंश होते. तोआदेरने सवयीने आधी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. आपण कोणत्या क्रमाने पाहिलं हे ध्यानात आल्यावर तो पलंगाशेजारच्या खुर्चीत मटकन बसला.

दोरोहोई गावातल्या त्या चार मजली इमारतीत तोआदेर म्हणजे उबेच्या प्रश्नावरचा शेवटचा शब्द. नोकरीची सगळी वर्षं त्याने गावाबाहेरच्या सरकारी काचघरात टोमॅटोंना थंडी वाजू नये हे बघण्यात घालवली होती. बाहेर बर्फ, आत लालबुंद टोमॅटो, आणि यात आपला वाटा टोमॅटोंपेक्षा मोठा आहे असं त्याचं नम्र मत होतं. निवृत्तीनंतर घरात गॅसचा बॉयलर आला, बैठकीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट आला आणि त्याला पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं. दिवसा वीस, रात्री अठरा. रेडिएटरवर मोजे वाळत घालायचे नाहीत, त्याच्यासमोर पडदा सोडायचा नाही, वापरात नसलेल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे एकदा लावलेल्या आकड्याला सारखा हात लावायचा नाही. घर आपोआप दिवसभर एकसारखं उबदार राहतं. शेजारीपाजारी त्याचा सल्ला घ्यायला येत. जे येत नसत त्यांना तो जिन्यात गाठून देई.

त्याच्या बायकोला, अग्लायाला मात्र उन्हाळ्याचे काही दिवस सोडले तर सदा थंडी वाजायची. तोआदेरची पाठ वळली की ती आकडा थेट तीसवर नेऊन ठेवायची.

"तीसवर ठेवलं म्हणून घर लवकर तापतं का गं?" तो म्हणायचा. "थांब्यावर दोन्ही हात हलवले म्हणून बस लवकर येते का?"

"ड्रायव्हरला दया आली तर येते."

"वीस अंशांत टोमॅटो पिकायचे."

"मग त्यांच्यातलाच एखादा बघून लग्न करायचंस. मी पिकून झालेय."

एका हिवाळ्यात आकडा वीसवर असूनही घराची भट्टी झाली. तोआदेरने बॉयलर तपासला, पाण्याचा दाब पाहिला, कंपनीला शिव्या दिल्या. शेवटी थर्मोस्टॅटला खेटून टांगलेल्या त्यांच्याच लग्नाच्या फोटोमागे त्याला गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी सापडली. बिचाऱ्या यंत्राला वाटत होतं की घर गारठलंय, आणि ते जिवाच्या आकांताने तापवत होतं. दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वाटाण्याचं सूप झालं. त्याने अबोला न सोडता दोन वाट्या संपवल्या.

गेल्या हेमंतात ती अंथरुणाला खिळली आणि तिने थर्मोस्टॅटचा नाद सोडला. तोआदेर बाहेर जाऊन येई, वीसचे वीसच. त्याने स्वतः होऊन बावीस केलं, तर तिच्या लक्षातही आलं नाही. इतक्या वर्षांची लढाई तो जिंकला होता, आणि असा विजय घेऊन घरी एकट्याने काय करायचं असतं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

ती गेली त्या दुपारी शवपेटीवाला आला. सभ्य, हळू बोलणारा माणूस. त्याने अग्लायाला तिच्या निळ्या पोशाखात नीट निजवलं, शरीर टिकवायच्या इंजेक्शनचं काय ते काम केलं आणि हात धुताना म्हणाला, "मुलगी कधी पोचतेय?"

"परवा," रुक्सांद्राबाई म्हणाल्या. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि इमारतीतली प्रत्येक मयत त्यांच्या देखरेखीखाली पार पडायची. "इटलीहून निघालीय. बसने."

"मग हीटर बंद, खिडकी उघडी. माझ्याच्याने होतं ते मी केलंय, पुढचं थंडीने करायचं. खोली गरम राहिली तर परवा पेटी उघडी ठेवता येणार नाही."

तोआदेरने सगळ्यांदेखत थर्मोस्टॅट बंद केला. सगळे गेल्यावर तो पेटीजवळ येऊन उभा राहिला. खिडकीतून वारा येत होता आणि अग्लायाच्या गळ्याशी लावलेली लेस हलत होती. मग त्याने खिडकी लावली, तिच्या पायांवर लोकरी पांघरूण घातलं आणि थर्मोस्टॅट चोवीसवर नेला. स्वयंपाकघरात बॉयलर भडकला. तोआदेरच्या हाताने चोवीसचा आकडा घरात पहिल्यांदाच लागत होता.

संध्याकाळी रुक्सांद्राबाई कोलिवा घेऊन आल्या. मयताचा हा गोड गहू करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दारातच त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, आणि मग त्यांचा हात तसाच थांबला.

"भाऊ, इथे उकडतंय का?"

"चोवीस आहे."

"चोवीस कशाला?"

"तिला ऊब लागायची."

"आता तिला काही लागत नाही, भाऊ."

"तुम्ही विचारलंत तिला?"

रुक्सांद्राबाईंनी ताट टेबलावर ठेवलं, सरळ जाऊन खिडकी उघडली आणि पांघरूण काढून हातावर घेतलं. "मला काय, मी रोज बघितलंय तिला. त्या पोरीचं काय? चार वर्षं घरी आलेली नाही ती. आईचं तोंड बघायला मिळेल म्हणून बसमध्ये बसलीय. आल्यावर तिला काय दाखवणार आहात, झाकण?"

तेवढ्यात फोन वाजला. मुलगीच होती, स्मारांदा. मागे बसच्या इंजिनाची घरघर आणि कुणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"बाबा, हंगेरीत अडकलोय आम्ही. बर्फाने रस्ता बंद केलाय. मी पोचेपर्यंत झाकू नका तिला."

"नाही झाकणार."

"माझ्याकडे तिचा एकसुद्धा धड फोटो नाही हो. प्रत्येक फोटोत शालीतून नुसतं नाक दिसतंय. मला तिचं तोंड बघायचंय."

"तू ये," तोआदेर म्हणाला. "मी सांभाळतो."

फोन ठेवून तो भिंतीपाशी गेला. हिवाळ्यात घर पूर्ण थंड कधी पडू द्यायचं नाही, गावाला जातानाही थोडी धग ठेवायची, नाहीतर पाइप फुटतात, हे तो अख्ख्या इमारतीला सांगत आला होता. आज त्याने पाइपांचा विचार केला नाही. थर्मोस्टॅट बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन बॉयलरही बंद केला, कारण स्वतःवर त्याचा फारसा भरवसा नव्हता.

"खाली माझ्याकडे येऊन बसा," रुक्सांद्राबाई म्हणाल्या. "ऊब आहे, सूप आहे."

"नको. ती एकटी गारठेल."

रुक्सांद्राबाईंनी त्याला आपल्या नवऱ्याचा जुना ओव्हरकोट आणून दिला.

दुसऱ्या दिवशी खोलीत श्वासाची वाफ दिसू लागली. लोक येत, मेणबत्ती लावत, आणि मयतासमोर टोपी काढायची असते म्हणून टोपी काढत. दुसऱ्या मजल्यावरच्या टकल्या मास्तरांनी इतक्या कळवळून शोक केला की त्यांना दोनदा आलुबुखारची दारू द्यावी लागली. पाद्रीबाबांनी प्रार्थना आटोपशीर घेतली. तोआदेर मात्र पेटीशेजारच्या खुर्चीतून हलला नाही. कुणी विचारलं तर म्हणे, बरं आहे, छान गार आहे. हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. मधूनच तो वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, काचघरात पहाटे पानं बघायचा तसा, आणि मान हलवून पुन्हा मागे टेकायचा.

स्मारांदा पोचली तेव्हा दफनाची माणसं खाली येऊन थांबली होती आणि पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. ती बॅग दारातच टाकून आत आली. पेटीपाशी उभी राहिली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. अग्लाया होती तशीच होती. जरा रागावल्यासारखी, दुपारी कुणी मध्येच उठवल्यावर दिसायची तशी.

"अगदी आहे तशी आहे," स्मारांदा म्हणाली. तिने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिचे हात हातात धरले. रडून झाल्यावर ती बापाकडे वळली आणि त्याचा हात धरला. धरला आणि दचकली. एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"बाबा, तुम्ही किती वेळ बसलायत इथे?"

"तुझी बस उशिरा आली."

ती कोटासकट जमिनीवर बसली आणि त्याचा हात आपल्या तळव्यांत घेऊन चोळू लागली. बोटांच्या टोकांपासून मनगटाकडे, न थांबता. इटलीत ती ज्या म्हातारीला सांभाळायची, तिचे हात ती रोज सकाळी असेच चोळायची. खोलीतली माणसं खिडकीबाहेर बघू लागली.

थोड्या वेळाने तोआदेरने हात सोडवून घेतला. हळूच, तिला वाईट वाटणार नाही असा.

"आधी तिचे," तो म्हणाला.

स्मारांदा उठली, पेटीवर वाकली आणि आईचे हात चोळू लागली. पाद्रीबाबांनी घड्याळ अस्तनीत सरकवलं, आणि खाली थांबलेल्या माणसांना अजून थोडं थांबा म्हणून सांगायला ते स्वतः जिना उतरून गेले.