कोरडी जर्सी

मी त्या फुटबॉल क्लबात सतरा वर्षं कपडे सांभाळले. जर्सी, चड्ड्या, मोजे, टॉवेल आणि सरावात घालायच्या जाळीच्या बंड्या. घाम खेळाडू गाळायचे आणि तो धुवायला माझ्याकडे यायचा. त्यामुळे कोण किती खेळला, हे कळायला मला कधी पेपर वाचावा लागला नाही. कपडा हातात घेतला की कळायचं.

बगळा आमच्याकडे आला तेव्हा बाविशीचा होता. हे नाव त्याला पहिल्याच आठवड्यात आमच्या कॅप्टनने दिलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त त्याच्या ओळखपत्रावर उरलं. लांब पाय, लांब मान. चेंडू येण्याआधी तो क्षणभर अगदी स्तब्ध उभा राहायचा. मग चोच मारावी तसा पाय टाकायचा, आणि चेंडू तीन माणसांमधून बरोबर आपल्या माणसापाशी जायचा. मधल्या फळीत खेळायचा. पहिली दोन वर्षं त्याच्यावाचून संघाचं पान हलत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. मैदान ओलं होतं. कोणी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तो वळायला गेला, बूट मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघा तिथेच राहिला. मी कडेला बाटल्या घेऊन उभा होतो. ओला टॉवेल झटकावा तसा आवाज आला. तो ओरडला नाही. नुसता बसला आणि आपल्याच पायाकडे बघत राहिला, जणू पाय दुसऱ्या कोणाचा आहे.

ऑपरेशन झालं. अकरा महिने गेले. फिजिओच्या खोलीत खिडकीपाशी एक सायकल होती, जागच्या जागी चालवायची. त्या खिडकीतून सरावाचं मैदान दिसायचं. बगळा तिथे बसून रोज दीड तास पायडल मारायचा. कॅप्टन एकदा आत डोकावून म्हणाला, "आता शोभतोस खरा बगळा, एका पायावर!" सगळे हसले. बगळाही हसला. त्याला तेव्हा वाटत होतं, हे संपणार आहे.

तो परतला आणि तिसऱ्याच सामन्यात मांडीचा स्नायू ताणला. पुन्हा सहा आठवडे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. तो धडधाकट होऊन बाहेर आला तोवर जुने कोच गेले होते आणि नवे आले होते. नव्या कोचनी त्याला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं.

नवे कोच वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. आवाज चढवायचे नाहीत, सगळ्यांची विचारपूस करायचे. त्यांची एक पद्धत होती. शनिवारी ज्या संघाशी गाठ असेल, त्या संघासारखं अर्ध्या लोकांनी आठवडाभर खेळायचं आणि उरलेल्यांनी, म्हणजे शनिवारी उतरणाऱ्या अकरांनी, त्यांच्याविरुद्ध सराव करायचा. पहिल्याच आठवड्यात समोरच्या संघात सगळा खेळ रचणारा एक भारी प्लेमेकर होता. कोच बगळ्याला म्हणाले, "तू तो हो."

बगळ्याने ते मनावर घेतलं. घरी जाऊन त्या माणसाचे चौदा सामने पाहिले. तो वळण्याआधी डावा खांदा कसा पाडतो, पास देण्याआधी कुठे बघतो, चिडला की काय करतो. मंगळवारी पिवळी बंडी घालून उतरला आणि आमच्या अकरांना त्याने नुसतं नाचवलं. शुक्रवारपर्यंत त्यांना त्या खांद्याची सवय झाली. शनिवारी खरा प्लेमेकर आला आणि आमच्या पोरांनी त्याला हलूच दिलं नाही. दोन-शून्य.

सामन्यानंतर कोचनी सगळ्यांसमोर बगळ्याच्या पाठीवर थाप मारली. "आजचा विजय याचा आहे."

बगळा माझ्या खोलीत आला, इस्त्रीच्या टेबलावर बसला आणि म्हणाला, "काका, आता नंबर लागणार माझा."

"लागणारच," मी म्हणालो. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या सोमवारी कोच म्हणाले, "या वेळी त्यांचा डावा विंगर हो."

मग तेच सुरू झालं. कधी विंगर, कधी स्ट्रायकर. एकदा तर एक म्हातारा झालेला बचावपटू, जो पाय कमी आणि कोपर जास्त वापरायचा. बगळ्याने तेही हुबेहूब केलं. कॅप्टनच्या बरगडीवर आठवडाभर निळा डाग होता. आणि शनिवारी बगळा बाकावर. कधी शेवटची चार मिनिटं, कधी सहा. बहुतेक वेळा तीही नाहीत.

आमच्याकडे नियम होता, अंगावर चढलेली जर्सी मशीनमध्ये गेलीच पाहिजे. दर शनिवारी मी बगळ्याची जर्सी उचलायचो, तर ती सकाळी मी टांगली होती तशीच कोरडी, काखेतसुद्धा साबणाचाच वास. आणि आठवडाभर त्याची पिवळी बंडी पिळली तर पाणी निघायचं.

त्याची बायको एका दंतवैद्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. फटकळ, पण मनाची चांगली. आधी प्रत्येक सामन्याला यायची, मग यायची थांबली. एकदा मीच विचारलं, तर म्हणाली, "काका, दिवसभर मी लोकांच्या तोंडात दुसरे दात बसवते, आणि संध्याकाळी माझा नवरा दुसऱ्याचे पाय लावून घरी येतो. शनिवारी तरी मला सुट्टी हवी." आम्ही दोघं हसलो. पण तिचं हसू लवकर संपलं.

हंगामाच्या मधोमध एक महिना असा येतो, जेव्हा क्लब एकमेकांकडून खेळाडू घेऊ शकतात. त्या महिन्यात घडलेली गोष्ट माझ्या मनात अजून सलते.

माझी कपड्यांची खोली आणि कोचचं ऑफिस यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. मी मोजे जोडत होतो. पलीकडे कोच आणि त्यांचे असिस्टंट बोलत होते. एका क्लबने बगळ्याला मागितलं होतं. आमच्याच तोडीचा क्लब, मधल्या फळीत त्यांना माणूस हवा होता, आणि येईल त्या दिवसापासून खेळवू असं त्यांनी लिहून पाठवलं होतं.

असिस्टंट म्हणाले, "देऊन टाकू या ना, सर. इथे बसूनच असतो."

कोच म्हणाले, "बसून? सबंध आठवडा तोच तर चालवतो. तसा दुसरा कुठून आणू? नाही म्हणून कळवा. आणि त्याच्या कानावर घालू नका, उगाच मन उडेल."

मी मोजे जोडत राहिलो.

तीन दिवसांनी बगळा आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, आज मी सरांकडे गेलो होतो. सरळ सांगितलं, मला खेळायचंय. तर म्हणाले, तू खेळतोसच की, सोमवार ते शुक्रवार तुझ्याइतकं कोण खेळतं? मी म्हटलं, मग मला जाऊ द्या. तर म्हणाले, कोणी मागितलं तर मी आडवा येणार नाही. पण कोणी मागितलेलं नाही रे."

तो खाली बघत होता. "कोणीच नाही, काका. एवढा मी पडलोय का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. महिना संपायला नऊ दिवस होते. पण नवीन कोच आल्यापासून मैदानावरच्या दोन जुन्या माणसांना घरी बसवलं होतं. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. भिंतीला कान लावणारा माणूस कोणत्या कोचला आवडेल? मी म्हणालो, "धीर धर. सगळ्यांचे दिवस येतात."

असलं वाक्य माणूस तोंडातून काढतो आणि वर स्वतःला शहाणा समजतो.

तो धीर धरायला उठून गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर होता. महिना संपला.

हंगाम संपायला पाच सामने उरले असताना मधल्या फळीतले दोघे एकदम गळाले. एकावर कार्डांमुळे बंदी, दुसरा तापाने फणफणलेला. बगळ्याचं नाव पहिल्या अकरांत लागलं. चौदा महिन्यांनी. त्याची बायको लॅबमधून लवकर सुटून आली आणि खेळाडूंच्या घरच्यांसाठी असतात त्या खुर्च्यांवर अंगाचं मुटकुळं करून बसली.

पहिला अर्धा तास तो जुना बगळा होता. स्तब्ध उभा राहिला, चोच मारली, आणि आमचा स्ट्रायकर गोलकीपरसमोर एकटा. गोल. सगळे स्ट्रायकरवर जाऊन पडले. बगळा मधेच उभा राहून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास घेत होता.

उत्तरार्धात काहीतरी बिनसलं. चेंडू आला की तो अर्धा क्षण उशीर करायचा. एकदा त्याने डावा खांदा पाडून वळायचा प्रयत्न केला. ती त्याची लकब नव्हतीच. चेंडू गेला. पुढच्याच मिनिटाला कोपर वापरलं, फाउल. त्या फाउलवर त्यांनी बरोबरी साधली. सदुसष्टाव्या मिनिटाला कोचनी त्याला बाहेर काढलं. नंतर आम्ही आणखी एक गोल केला आणि जिंकलो.

कपडे बदलायच्या खोलीत कोच एकेकाशी हात मिळवत फिरत होते. बगळ्यापाशी आले. "छान. मंगळवारसाठी पुढच्या संघाचा दहा नंबर बघ जरा. अवघड माणूस आहे."

बाकीचे गेल्यावर तो जर्सी घेऊन माझ्याकडे आला. चिंब भिजलेली, मातीने भरलेली. माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, चेंडू पायात आला की मला आठवावं लागत होतं, आज मी कोण आहे ते."

ती जड जर्सी हातात आली आणि माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. भिंत, असिस्टंट, तो क्लब, कोचचं उत्तर.

त्याने एवढंच विचारलं, "कधी?"

मी सांगितलं.

"म्हणजे मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

त्याने मशीनच्या झाकणावर हात ठेवला. आता तो काहीतरी फेकेल, मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बायको बाहेर थांबलीये," आणि गेला.

मंगळवारी येणार नाही अशी माझी खात्री होती. पण आला. पिवळी बंडी मागून घेतली, माझ्या नजरेला नजर न देता. आणि त्या दहा नंबरची अशी नक्कल केली की कोच टाळ्या वाजवत होते. उरलेले चारही आठवडे तो तसाच राबला. मी एकदा न राहवून म्हणालो, "कशाला एवढं करतोस यांच्यासाठी?"

"यांच्यासाठी नाही," तो म्हणाला. "उद्या कोणी म्हणायला नको, बगळ्याने पाट्या टाकल्या. आणि पाय चालता ठेवायचाय मला. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

करार संपला तेव्हा कोचनी त्याला बोलावून नवीन जागा देऊ केली. खेळाडू म्हणून नव्हे, स्टाफमध्ये. प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करायचा आणि सरावात त्यांची नक्कल करून दाखवायची. कायमची नोकरी. त्याच्या बायकोला ती हवी होती, हे मला नंतर कळलं. तिची लॅब इथे, घर इथे. तो नाही म्हणाला. कोचनी विचारलं, कोणी मागितलंय का? तेव्हा तो म्हणाला, "या वेळी मीच विचारत फिरतोय, सर. मधे कोणी नको."

दोन पायऱ्या खालच्या एका क्लबने त्याला घेतलं. बसने पाच तासांवर. बायको इथेच राहिली. सामन्यानंतरच्या दिवशी तो यायचा आणि दुसऱ्या सकाळी परत जायचा. कधी यायचा, कधी नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी त्याचा सामना बघायला गेलो. मैदान म्हणजे नुसते खड्डे. प्रेक्षक तीनशे असतील, त्यातले निम्मे शिव्या द्यायलाच आलेले. बगळ्याचा वेग गेला होता. तिसाव्या वर्षी गुडघ्यावर पट्टा होता. दोनदा पोरसवदा खेळाडू त्याला मागे टाकून गेले आणि माझ्या शेजारचा माणूस ओरडला, "अरे, म्हाताऱ्याला बसवा!" त्याला बसवलं नाही. तो पूर्ण नव्वद मिनिटं खेळला, प्रत्येक वेळी हात वर करून चेंडू मागत. चुकला तरी पुन्हा मागत. शेवटी शेवटी एक पास दिला, तीन माणसांमधून, अगदी पूर्वीसारखा. पुढच्या पोराला तो कळलाच नाही. चेंडू रेषेबाहेर गेला. बगळा परत आपल्या जागेवर धावत गेला. ते तीन-एकने हरले.

सामन्यानंतर कुंपणापाशी भेटलो. घामाने निथळत होता. "काका, तुम्ही?" म्हणाला. तब्येत विचारली, निवृत्तीचं विचारलं. मी गुडघ्याचं विचारलं.

"दुखतो," तो म्हणाला. "सामन्याआधी सुई घेतो. अजून दोन वर्षं ओढेन."

मग मी म्हणालो, "बगळ्या, त्या वेळी मी..."

"राहू द्या काका." त्याने कुंपणाच्या जाळीतून बोटं काढून घेतली. "तुम्ही वेळेवर सांगितलं असतं तर मी अठ्ठाविसाव्या वर्षी कुठे खेळत असतो, ते मी रोज मनात करून बघतो. त्यात तुम्ही माफी मागायला आलेले नसता."

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने मान डोलावली आणि थोडासा लंगडत खोलीकडे गेला. मी परतीच्या बसच्या थांब्यावर चार तास बसून राहिलो. आधीची बस होती, पण तिच्यात चढायचं सुचलं नाही.