दोन गोळ्यांची भोकं

"पेन्सिल जिभेला लावू नकोस गं बायो, विष असतं त्यात." बाबा हे सांगायचे तेव्हा त्यांची स्वतःची जीभ जांभळी असायची.

तो आवाज आठवला संग्रहालयाच्या तळघरात, भिंगाखाली बाबांनीच युद्धात काढलेलं चित्र होतं तेव्हा. बसल्या बसल्या डुलकी लागलेला शिपाई, मांडीवर बंदूक. आईनं ते पेटीतून काढून संग्रहालयाला दिलं, आणि जुने कागद जपणं हे माझं पोटापाण्याचं काम. उद्या अनावरण. पाटीवर माझी सही हवी होती.

पाटी संचालकांनी लिहिली होती : 'भर गोळीबारात, खंदकात रेखाटलेले. डाग रक्ताचे. वर गोळ्यांची दोन भोके.'

"साहेब, ही पेन्सिल ओली झाली की जांभळी उमटते. डाग थुंकीचे आहेत."

"वीराची थुंकी? पाटीवर?"

"कागद लष्कराच्या कोठाराचा आहे. मागे छापलंय, 'कांबळी व चादरी : मागणीपत्र'."

"खंदकात थंडी असते, बाई."

मी एका रद्दी कागदाला ऑफिसातला पंच मारला आणि शेजारी धरला. भोकं तंतोतंत जुळली. साहेब उजळले. "दोन गोळ्या, एका रेषेत! शत्रूची शिस्त बघा!"

मी हसू गिळलं. आई जन्मभर शेजारीपाजारी सांगत आली होती, "आमचे हे आघाडीवर होते." बाबा तेव्हा मान खाली घालून जेवत राहायचे. मी खरं लिहिलं, तर उद्या पहिल्या रांगेत बसलेल्या आईचा वीर चारचौघांत कारकून होणार होता.

संध्याकाळी तिला पाटी वाचून दाखवली. ती मटार सोलत होती.

"गोळ्या?" ती हसली. "अगं, त्यांच्या पत्रांत ओळन्‌ओळ जांभळी असायची. खंदकात भीतीनं तोंडाला कोरड पडते म्हणतात. शब्दागणिक पेन्सिल चाटायला थुंकी कुठली उरणार? पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं मला."

"मग आघाडी आघाडी का करत राहिलीस?"

मटाराची एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"पलीकडच्या वहिनींचा भाऊ लढाईतून परतलाच नाही. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं म्हणू, माझा नवरा कोठारात बसून कांबळी वाटत होता?" तिनं शेंग फोडली. "लिही तू, कोठारात होते. आणि बायो, कुणाला कधी बोलले नाही मी... मला फार आनंद झाला होता गं."